‘जंगल बुक’ची जुनी अ‍ॅनिमेशन : कुठल्या आवृत्तीत किती किपलिंग उरला?

पळसपान

मोगली म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांपुढे दोन चित्रं येतात. एक डिस्नेचा पोट खाजवत डुलणारा बालू, आणि दुसरं दूरदर्शनवरच्या जपानी मालिकेतलं पोर. याखेरीज आणखी दोन मोठी कामं आहेत, रशियन आणि अमेरिकन अ‍ॅनिमेशनकार चक जोन्सची, आणि ती आपल्याकडे फार कमी पाहिली जातात. चारही कामं पुस्तक शेजारी उघडं ठेवून पाहिली तर काय दिसतं, त्यासाठी हा धागा.

आधी पुस्तकाचा हिशेब. ‘द जंगल बुक’ १८९४ चं, ‘द सेकंड जंगल बुक’ १८९५ चं. दोन्ही मिळून १५ गोष्टी आणि त्यांतल्या मोगलीच्या फक्त ८. त्या छापल्यात त्या क्रमानं घडत नाहीत, आणि रूपांतरं करणाऱ्यांची पहिली अडचण इथेच सुरू होते. पहिली गोष्ट, ‘मोगलीचे भाऊ’, मधेच दहा-अकरा वर्षांची उडी मारते. दुसरी, ‘काची शिकार’, त्या उडीच्या आत घडलेली आहे. दुसऱ्या पुस्तकातली दुष्काळाची गोष्ट, ‘भय कसं आलं’, हीसुद्धा शेरखान जिवंत असतानाची, म्हणजे त्याच काळातली. तेव्हा घटनाक्रमानं वाचायचं असेल तर असं: ‘मोगलीचे भाऊ’ उडीपर्यंत, मग ‘काची शिकार’, मग ‘भय कसं आलं’, मग पहिल्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग, मग ‘वाघ! वाघ!’. त्यापुढे गावावर रान सोडण्याची गोष्ट, राजाचा अंकुश, तांबडी कुत्री आणि शेवटी वसंतातली धाव. तेव्हा मोगली सतरा वर्षांच्या आसपास असतो.

आता पडदा. डिस्नेचा चित्रपट ऑक्टोबर १९६७ चा, दिग्दर्शक वुल्फगँग राइटरमन, लांबी ७८ मिनिटं. मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्मचा ‘माउगली’ १९६७ ते १९७१ या काळात दरवर्षी एक असा पाच भागांत आला. प्रत्येक भाग साधारण २० मिनिटांचा, दिग्दर्शक रोमान दाविदोव्ह. चक जोन्सचे तीन छोटे दूरचित्रपट: ‘रिक्की-टिक्की-टावी’ (मुंगसाची गोष्ट) आणि ‘पांढरा सील’ १९७५ चे, ‘मोगलीचे भाऊ’ १९७६ चा. आणि निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ५२ भागांची मालिका, जपानमध्ये ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९०, आपल्याकडे १९९३ पासून हिंदीत.

माझं मत आधीच सांगते. कुठलंही रूपांतर जोखायचं तर त्यात ‘का’ या अजगराचं काय केलंय ते बघा. पुस्तकात का हा मोगलीचा गुरू आणि मित्र. त्याच्या नाचानं वानरं भारावतात, बालू-बघीरासुद्धा पुढे ओढले जातात, पण मोगलीला मात्र एक मोठा साप उगाच वळसे घेताना दिसतो, बाकी काही नाही. तो दोघांच्या अंगावर हात ठेवतो तेव्हा त्यांची भूल उतरते. माणसाचं पोर जंगलात असूनही जंगलाहून वेगळं आहे, हे किपलिंगनं त्या एका प्रसंगात सांगून टाकलंय. डिस्नेनं नेमकं हेच उलटं केलं. तिथे का मोगलीलाच भूल घालतो. चित्रपट त्यामुळे वाईट ठरत नाही, पण गोष्टीचा कणा तिथे बदलला.

---

रिळमास्तर

धागा आवडला. मी तांत्रिक बाजूनं भर घालतो, कारण जुनी अ‍ॅनिमेशन पुन्हा बघताना बरेचदा आपण मूळ चित्र बघतच नसतो, बिघडलेली प्रत बघत असतो.

पहिली गोष्ट, चौकट. रशियन भाग, चक जोन्सचे तिन्ही आणि जपानी मालिका हे सगळं ४:३ चौकटीसाठी काढलेलं आहे. हल्लीचा टीव्ही १६:९. टीव्हीची सेटिंग ‘पूर्ण पडदा’ वर असेल तर चित्र आडवं ३३ टक्के ताणलं जातं. बघीरा म्हशीसारखी दिसायला लागते आणि दाविदोव्हच्या त्या सडपातळ, टोकदार रेषांचा सगळा डौल जातो. दुसरा प्रकार याहून वाईट, कारण तो लक्षातच येत नाही: वरचा-खालचा भाग कापून चौकट भरणे. त्यात चित्राचा पाव भाग जातो. ओळखायची खूण सोपी आहे. श्रेयनामावलीची अक्षरं काठाला चिकटलेली किंवा अर्धी कापलेली दिसली, किंवा उभ्या पात्रांचे कान आणि पंजे सारखे चौकटीबाहेर जाऊ लागले, तर प्रत कापलेली. टीव्हीच्या मेनूत चित्राचं प्रमाण ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या.

डिस्नेचा मामला जरा वेगळा आहे. चित्रं पूर्ण, जवळजवळ चौकोनी चौकटीत काढली होती, पण चित्रपटगृहात ती वरून-खालून झाकून रुंद दाखवायची हे ठरलेलं होतं. त्यामुळे जुन्या व्हिडिओ प्रतींत उंची जास्त दिसते आणि नंतरच्या डिस्कवर सुमारे २२ टक्के उंची कमी. दोन्ही ‘बरोबर’ आहेत. रचना बघायची असेल तर रुंद प्रत, आणि अल डेम्प्स्टरच्या देखरेखीखाली रंगवलेली पार्श्वचित्रं निवांत बघायची असतील तर जुनी उंच प्रत.

दुसरी गोष्ट, वेग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत २५ ची. त्या पद्धतीच्या डिस्कवर ७८ मिनिटांचा चित्रपट ७५ मिनिटांत संपतो आणि रशियन एकत्रित चित्रपट ९६ ऐवजी ९२ मिनिटांत. लोक बघतात आणि म्हणतात, प्रसंग कापलेत. काहीही कापलेलं नसतं, सगळं ४ टक्के भरभर चाललेलं असतं आणि आवाज किंचित वर चढतो. शेरखानाला आवाज देणाऱ्या जॉर्ज सँडर्सचा तो संथ, जड स्वर अशा प्रतीत हलका वाटतो.

---

कोवळं_ऊन

छान माहिती. एक व्यावहारिक प्रश्न. सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना यातलं काय आणि कुठल्या क्रमानं दाखवावं? रशियन भागांत मारामारी बरीच आहे असं ऐकून आहे.

---

पळसपान

@कोवळं_ऊन, सहाच्या मुलाला आधी डिस्ने. त्यात भीतीच्या जागा दोनच, गिधाडांच्या माळरानावरचा वाघ आणि बालू निपचित पडतो ती दोन मिनिटं. नंतर चक जोन्सचा ‘मोगलीचे भाऊ’. २५ मिनिटांचा आहे, संवाद बरेचसे पुस्तकातलेच, आणि मोगली लाल फूल, म्हणजे आग, घेऊन लांडग्यांच्या सभेत येतो तिथे संपतो.

‘रिक्की-टिक्की-टावी’ दाखवण्याआधी स्वतः एकदा बघून घ्या. रात्री न्हाणीघरात नाग पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळं घालून बसतो, तो प्रसंग लहानांना खरोखर घाबरवतो. पडदा अंधारा आहे आणि निवेदन ऑर्सन वेल्सच्या आवाजात. सातच्या पुढच्या मुलांना चालेल. ‘पांढरा सील’ मात्र दहाच्या आत नको. सीलांना हाकत नेऊन मारतात, तो या गोष्टीचा गाभाच आहे, आणि तो प्रसंग वगळून गोष्ट उरत नाही.

रशियन भाग नऊ वर्षांच्या मुलाला एका दिवशी एक, असेच दाखवा. पहिले तीन सहज पचतात. चौथा, ‘लढाई’, म्हणजे तांबड्या कुत्र्यांचा. त्यात कळपाचा म्होरक्या राहिलेला लांडगा अकेला मरतो. मुलाला हे आधी सांगून ठेवा.

---

चौकटराजा

रशियन भागांबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते ‘मोगलीची गोष्ट’ म्हणून सगळ्यात पूर्ण काम हेच आहे.

पाच भागांची नावं: ‘राक्षा’, ‘पळवापळवी’, ‘अकेलाची शेवटची शिकार’, ‘लढाई’, ‘माणसांकडे परत’. पटकथा लिओनिद बेलोकुरोव्हची आणि संगीत सोफिया गुबायदुलिना यांचं, ज्यांचं नाव पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या संगीतकारांत घेतलं गेलं. काच्या नाचाचा प्रसंग कान देऊन ऐका. तिथे गोड सूर नाही, गाणं नाही. आवाज एकेक थर चढत जातात आणि माकडं पाय ओढत पुढे सरकतात. वर पळसपान यांनी जी कसोटी सांगितली तिला हा प्रसंग पुरेपूर उतरतो.

दाविदोव्हनं केलेला खरा धाडसी बदल म्हणजे दुष्काळाची गोष्ट उचलून शेवटच्या भागात नेली. पुस्तकात ती बरीच आधी येते. त्याचं कारण रचनेत आहे. पुस्तकातला वाघ मोगली लहान असतानाच मरतो, आणि पडद्यावर तसं केलं तर पुढच्या दोन भागांना खलनायकच उरत नाही. म्हणून त्यानं शेरखानाला शेवटपर्यंत जगवलं आणि पाण्याचा तह, हाथीनं सांगितलेली कथा, वाघाचा शेवट आणि वसंतातला निरोप हे सगळं पाचव्या भागात एकत्र ओवलं. किंमत अशी मोजावी लागली की ‘वाघ! वाघ!’ मधलं गावाचं जग, गुराखी मोगली आणि थापाड्या शिकारी बुलदेव, जवळजवळ सगळं गेलं.

आणखी एक फरक पाहण्यासारखा. या पाच भागांत मोगली खरोखर वाढतो. रांगतं पोर, काटकुळा मुलगा, मग रुंद खांद्यांचा तरुण. आवाजसुद्धा बदलतो: लहानपणीचा मारिया विनोग्रादोव्हाचा, मोठेपणीचा लेव शाबारिनचा. डिस्नेचा मोगली सुरुवातीचं तान्हेपण सोडलं तर एकाच वयाचा राहतो.

प्रत शोधताना लक्षात ठेवा: १९७३ मध्ये पाचही भाग जोडून ९६ मिनिटांचा एक चित्रपट केला. आशय जवळपास तोच, पण मधल्या नामावल्या गेल्या. सुटे भाग मिळाले तर तेच घ्या, कारण प्रत्येक भागाला स्वतःचा चढ-उतार आहे आणि सलग बघताना तो सपाट होतो. इंग्रजी डबिंग १९९० च्या दशकातलं, निवेदक चार्ल्टन हेस्टन. समजायला सोपं, पण मूळ रशियन आवाज आणि खाली उपशीर्षकं हा मार्ग जास्त चांगला. शेरखानामागे अनातोली पापानोव्ह आहे, तो आवाज चुकवू नये.

---

शब्दवेल्हाळ

बघीराबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. रशियन ‘माउगली’त बघीरा मादी आहे, आवाज ल्युदमिला कासात्किनाचा. याचं मूळ पटकथेत नाही, भाषांतरात आहे. रशियनमध्ये ‘पांतेरा’ हा शब्द स्त्रीलिंगी, शिवाय नावाच्या शेवटी ‘आ’. नीना दारुझेसच्या प्रचलित भाषांतरातच बघीरा ‘ती’ झाली आणि चित्रकारांनी ती तशीच घेतली. एका व्याकरणामुळे सगळं नातं बदललं. किपलिंगचा बघीरा हा पिंजऱ्यात जन्मलेला, उदयपूरच्या राजवाड्यातून निसटलेला अनुभवी शिकारी. रशियन बघीरा मावशीसारखी वागते, लाडही करते आणि फटकाही देते.

नावांवरून आणखी काही. किपलिंगनं स्वतः सांगितलं होतं की ‘मोगली’तला पहिला उच्चार इंग्रजी ‘काऊ’शी जुळतो. म्हणजे ‘माउगली’. या बाबतीत रशियन बरोबर; डिस्नेत मात्र ‘मोगली’च म्हणतात. आपल्याकडे ‘मोगली’ रूढ झालं ते मालिकेमुळे, आणि आता तेच मराठी नाव आहे, बदलायची गरज नाही. पण एक चूक मराठीत वारंवार दिसते ती दुरुस्त व्हायला हवी: लांडग्याची आई ‘रक्षा’ नाही, ‘राक्षा’. किपलिंग तिच्या नावाचा अर्थच राक्षसीण असा देतो, आणि शेरखान गुहेच्या तोंडाशी येतो तेव्हा ती त्या नावाला जागते. ‘रक्षा’ लिहिलं की तो अर्थ पुसला जातो.

‘रिक्की-टिक्की’ तर मराठी मुलांना भाषांतराशिवाय अर्धी कळते. ‘चुचुंद्रा’ म्हणजे आपली चिचुंद्री, भिंतीच्या कडेकडेनं जाणारी, खोलीच्या मध्यभागी यायचं धाडस न करणारी. ‘दर्झी’ म्हणजे शिंपी पक्षी. ‘नागैना’ ही नागीण आणि ‘करैत’ म्हणजे मण्यार. चक जोन्सच्या चित्रपटातला तो मातकट छोटा साप दिसला की थांबून मुलांना सांगा की तो नागापेक्षा लहान आहे म्हणून कमी धोक्याचा नाही. मुंगसासाठी तोच अवघड, कारण इतक्या लहान सापाला मानेच्या अगदी मागेच पकडावं लागतं, नाहीतर तो उलटून डसतो. किपलिंगनं हे पुस्तकात लिहिलंय.

---

वैनगंगाकाठ

भूगोलाचं माझ्याकडे लागलं.

गोष्टी घडतात त्या शिवनीच्या डोंगरांत. वैनगंगा तिथेच उगम पावते, बालाघाटवरून आपल्या भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाजूनं वाहत जाते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. म्हणजे मोगलीची नदी अर्धी महाराष्ट्राची. पेंचचं रान दोन्ही राज्यांत पसरलेलं आहे. हे पानगळीचं रान: साग, मोह, तेंदू, सालई, पळस. उन्हाळ्यात पानं झडून लांबवर दिसतं. किपलिंगच्या पुस्तकात हे आहे. दुष्काळाच्या वर्षी आधी मोह फुलत नाही, मग पाणी आटतं. ‘वाघ! वाघ!’ मध्ये करडा भाऊ, म्हणजे मोगलीचा लांडगा भाऊ, खूण करतो तो मैदानाच्या मधोमध लाल-सोनेरी फुललेल्या ढाकाच्या झाडापाशी, आणि ढाक म्हणजे आपला पळस.

डिस्नेनं काढलेलं जंगल मात्र सदाहरित आहे, वेलींनी भरलेलं, हिरवं, ओलं. देखणं आहे, शिवनीचं नाही. रशियन चित्रकारांनी झाडं कमी काढली, खडक आणि आकाश जास्त. ती रेषा कोरड्या रानाला जवळची वाटते.

प्राण्यांचं: डिस्नेचा माकडांचा राजा लुई ओरांगउटान आहे आणि ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओचा. शिवाय बंदर-लोगांना, म्हणजे माकडांना, राजा नाही, कायदा नाही, आठवण टिकत नाही, हाच पुस्तकातला मुद्दा. त्यांना राजा दिला की मुद्दाच संपतो. जपानी मालिकेतली किची ही लाल पांडा आहे. तो प्राणी पूर्व हिमालयातला, सिक्कीम-अरुणाचलकडचा. बालूला किपलिंग ‘तपकिरी अस्वल’ म्हणतो, पण मध, मुळं आणि मोह खाणारं मध्य भारतातलं अस्वल हे आपलं काळं, झिपरं, छातीवर पांढऱ्या खुणेचं अस्वल. या चारांत कुणीच ते नीट काढलेलं नाही.

आणि तांबडी कुत्री! किपलिंग सांगतो की ती दख्खनहून आली. म्हणजे आपल्याकडून. रानकुत्री, कोळसून. रशियन ‘लढाई’त त्यांचा लोंढाच येतो. प्रत्यक्षात त्यांचे कळप बहुधा दहा-बाराच्या आसपासचे, आणि ती एकमेकांना शीळ घालून बोलावतात.

---

अंजनी_४२

वैनगंगाकाठ, एक शंका. लुई वगळला तर डिस्नेच्या चित्रपटात काय उरतं? माकडांचं ते गाणं हाच त्यातला सगळ्यात जिवंत भाग आहे. लुई प्रायमाचा आवाज आणि ते नाचणं यापुढे प्राणिशास्त्र जरा बाजूला ठेवायला हरकत नसावी.

---

वैनगंगाकाठ

मान्य. प्रसंग म्हणून उत्तमच आहे. माझा आक्षेप त्याला काय हवंय याला. पुस्तकात माकडं मोगलीला पळवतात ती त्याला काटक्या विणून आडोसा करता येतो म्हणून, त्यांना ते शिकायचं असतं. आणि थोड्याच वेळात ती विसरतात. लुईला आग हवी आहे, आणि तो विसरत नाही. म्हणजे तो कायद्याबाहेरचा जमाव राहत नाही, महत्त्वाकांक्षी राजा होतो.

---

रिळमास्तर

डिस्नेच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पात्र हालचालीतून उभं करणं यात इतर तिघांपैकी कुणी त्याच्या जवळपास येत नाही. मिल्ट काहलनं काढलेला शेरखान बघा. प्रत्येक चित्रात पट्टे अंगाच्या वळणाबरोबर बरोबर फिरतात, आणि हे काम हातानं, चित्रामागून चित्र केलेलं आहे. बालू-मोगलीची जवळीक बरीचशी ऑली जॉन्स्टन आणि फ्रँक टॉमस या दोघांची.

रेषा खरखरीत का दिसते, तेही सांगतो. १९६१ पर्यंत पेन्सिलचं चित्र पारदर्शक पत्र्यावर शाईनं पुन्हा गिरवत, मग मागून रंग भरत. १९६१ नंतर डिस्नेनं पेन्सिल रेषा थेट छायाप्रतीनं पत्र्यावर उतरवायला सुरुवात केली. खर्च वाचला, चित्रकाराची मूळ रेषा राहिली, पण कडा खडबडीत झाल्या, काही ठिकाणी खोडलेल्या रेषाही उरल्या. डिस्क घेताना बघा: फार ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीत चित्रपटाचे दाणे काढताना या रेषाही पुसट होतात. शेरखानाच्या मिशा आणि बालूच्या पोटाची कड थांबवून पाहिली की कळतं. रेषा मेणासारखी गुळगुळीत दिसली तर ती प्रत नको.

राइटरमन जुनी चित्रं पुन्हा वापरायचा. लांडग्याची पिल्लं मोगलीवर उड्या मारून त्याला चाटतात, त्या हालचाली १९६३ च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’मधल्या कुत्र्यांच्या. आणि इथला बालूचा नाच १९७३ च्या ‘रॉबिन हूड’मध्ये लिटल जॉन नाचतो. दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघा, पावलं जुळतात. काचं भुलवणारं गाणंही मुळात ‘मेरी पॉपिन्स’साठी केलेल्या आणि न वापरलेल्या चालीवरचं.

हा चित्रपट पुस्तकापासून इतका दूर का गेला, तेही सांगायला हवं. बिल पीटनं आधी लिहिलेली पटकथा पुस्तकासारखीच गंभीर होती. वॉल्ट डिस्नेला ती जड वाटली, पीट बाहेर पडला, आणि गोष्ट नव्यानं बांधली. त्या पहिल्या आराखड्यातलं टेरी गिल्किसनचं एकच गाणं राहिलं, बालूचं. बाकीची शर्मन बंधूंची. वॉल्ट डिसेंबर १९६६ मध्ये गेला, चित्रपट दहा महिन्यांनी लागला.

---

पळसपान

याला जोडून एक. डिस्नेच्या शेवटी पाणी भरायला आलेली मुलगी दिसते आणि मोगली तिच्यामागे गावात जातो. हे अगदीच मनानं घातलेलं नाही. ‘वसंतातली धाव’च्या शेवटाकडे पांढऱ्या कपड्यातली एक तरुण मुलगी गावाकडून वाटेनं चालत येते आणि मोगली तिच्याकडे बघत राहतो, एवढंच आहे. तेवढ्यावरून शेवट बांधला असावा असं वाटतं. पण पुस्तकात त्याआधी सतरा वर्षं, अकेलाचा मृत्यू आणि चांगलीच तगमग आहे.

---

दुपारचा_चहा

जपानी मालिकेवर कुणी लिहीत नाहीये. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजचं संगीत आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज. एवढ्या गोष्टी एका डबिंगमध्ये एकत्र येणं दुर्मीळच.

---

चौकटराजा

@दुपारचा_चहा, बरोबर, राहिलंच. फुमिओ कुरोकावा दिग्दर्शक. ५२ भाग म्हणजे जवळजवळ २० तास. आठ गोष्टी एवढ्या ताणायच्या तर भर घालावीच लागते. म्हणून पुस्तकात नाव नसलेला लांडगा बाप इथे अलेक्झांडर होतो, आई लुरी होते, भावंडांना स्वतंत्र स्वभाव मिळतात. जंगलाच्या कायद्यापेक्षा कुटुंब मध्यभागी येतं, आणि आठवड्याच्या मालिकेला ते साजेसंही आहे.

चित्रांची संख्या कमी, हे लक्षात घेऊनच बघा. दूरचित्रवाणीच्या कामात एक चित्र बहुधा तीन चौकटींपर्यंत धरतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. डिस्नेत १२ ते २४. म्हणून मालिकेत तोंड हलतं, अंग स्थिर राहतं, आणि धावण्याच्या त्याच हालचाली परत-परत येतात. याची भरपाई आवाजानं होते, आणि नानांचा शेरखान तिथे कामाला येतो. २०१६ च्या इंग्रजी चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानाचा आवाज त्यांचाच आहे. २०१६ च्या आधी हैदराबादच्या डीक्यूची संगणकावर केलेली मालिकाही आली. लहानांना चालते, पण या धाग्यात तिला जागा नाही.

सगळे ५२ भाग बघायचे नसतील तर सुरुवातीचे सहा-सात, काच्या पहिल्या भेटीचे, आणि शेवटचे पाच-सहा घ्या.

---

शब्दवेल्हाळ

रिक्कीची एक रशियन आवृत्तीही आहे, १९६५ ची, सोयुझमुल्टफिल्मचीच, दिग्दर्शिका अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया, २० मिनिटं. त्यात बंगल्यातलं इंग्रज कुटुंब काढून भारतीय कुटुंब ठेवलंय. पुस्तकातलं ठिकाण सुगौलीची छावणी, म्हणजे आजचा बिहार. चक जोन्सनं इंग्रज कुटुंब ठेवलं. दोन्ही एकाच संध्याकाळी बघता येतात, मिळून पाऊण तास.

रशियनमधून दोन वाक्यं रोजच्या बोलण्यात गेली. एक ‘तुझं-माझं रक्त एक’, जंगलाचा परवलीचा शब्द. दुसरं ‘अकेलाचा नेम हुकला’. मुख्य माणूस पहिल्यांदा चुकला की तिथले लोक हे म्हणतात.

---

कोवळं_ऊन

खूप उपयोग झाला. शेवटचा प्रश्न. मूक करून स्वतः मराठीत सांगत दाखवायचं असेल तर? मुलांना इंग्रजी उपशीर्षकं वाचता येत नाहीत.

---

पळसपान

@कोवळं_ऊन, करता येतं. रशियन भागांना हे सगळ्यात जमतं, कारण संवाद कमी आणि चित्र बोलकं. पण पूर्ण मूक करू नका, संगीत जाईल. आवाज पाव पातळीवर ठेवा आणि वर तुम्ही बोला. आधी तो भाग एकदा एकट्यानं बघून कागदावर मिनिटांच्या खुणा करा. २० मिनिटांच्या भागाला दहा-बारा खुणा पुरतात. प्रत्येक खुणेला एकच वाक्य. लोक चूक करतात ती इथे: प्रत्येक संवादाचं भाषांतर करायला जातात, मागे पडतात, आणि मग मुलं चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतात.

काचा नाच आणि लढाईतली मोगलीची धाव, या दोन जागी काहीच बोलू नका. लढाईच्या आधी मात्र एवढं सांगून ठेवा: मोगली लसूण अंगाला चोळतो, कारण मधमाश्यांना तो वास सहन होत नाही. झाडावरून कुत्र्यांच्या म्होरक्याला चिडवून त्याची शेपटी कापतो, म्हणजे ती त्याच्या मागे येतील. मग आग्या मोहोळांच्या कड्यावरून वैनगंगेत उडी घेतो आणि खाली का त्याला धरतो. ही युक्ती पुस्तकातली. ती आधी माहीत असली तर मुलं पडद्यावरची एकेक पायरी ओळखतात.

सभेतल्या ओळी आणि परवलीचा शब्द पुस्तकातून स्वतः मराठीत करून ठेवा. किपलिंग १९३६ मध्ये गेला, आपल्या कायद्यानं साठ वर्षं १९९६ च्या अखेरीस संपली, त्यामुळे मूळ मजकूर कुणालाही भाषांतरित करता येतो. चित्रपटांचे हक्क वेगळे, ते घरापुरतेच.

---

वैनगंगाकाठ

एक भर: परवलीचा शब्द प्रत्येक जातीच्या प्राण्याला त्याच्या बोलीत द्यायचा असतो. पक्ष्यांसाठी शेवटी घारीची शीळ, सापांसाठी फूत्कार. मुलांकडून तो तसाच म्हणवून घ्या, मग ‘पळवापळवी’त मोगली झाडांच्या शेंड्यांवरून नेला जात असताना चिल घारीला हाक मारतो, ती त्यांना लगेच ओळखू येईल.